कोपऱ्यावरच्या राखणदाराचा मान

अमेरिकेतील विद्यापीठीय फुटबॉलमध्ये हाइसमन करंडकाइतका मानाचा दुसरा पुरस्कार नाही. १९३५ सालापासून दर हंगामाच्या अखेरीस सबंध देशातून एकच खेळाडू त्यासाठी निवडला जातो, आणि त्या दिवसापासून ते नाव त्या देशात घरोघरी पोचते. या मानकऱ्यांची यादी वरपासून खालपर्यंत वाचून पाहिली तर तीत चेंडू फेकणारे भेटतात, चेंडू घेऊन धावणारे भेटतात, क्वचित चेंडू झेलणारेही भेटतात. प्रतिपक्षाला रोखणे हेच ज्याचे मुख्य काम, असा खेळाडू मात्र १९९७ सालापर्यंत त्या यादीत एकही नव्हता. त्या वर्षी १३ डिसेंबर रोजी न्यूयॉर्क येथे मिशिगन विद्यापीठाच्या चार्ल्स वुडसनचे नाव पुकारले गेले आणि बासष्ट वर्षांची रीत मोडली. पुढे २०२४ साली कोलोरॅडो विद्यापीठाच्या ट्रॅव्हिस हंटरला तोच करंडक मिळाला. वुडसन आणि हंटर हे दोघेही कॉर्नरबॅक. तेव्हा बचाव करणाऱ्यालाही आता न्याय मिळू लागला, असे म्हणण्याचा मोह कोणालाही होईल. आमचे मत तसे नाही. वुडसनचा तो हंगाम जितका बारकाईने पाहावा तितकी आमची अशी खात्री होत जाते की, त्याचा सन्मान योग्य होता, पण ज्या कारणासाठी तो झाला ते कारण अपुरे होते.

प्रथम हे कॉर्नरबॅकचे काम काय असते, ते सांगितले पाहिजे. कारण अमेरिकन फुटबॉल आणि आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो खेळ, यांत नावापलीकडे फारसे साम्य नाही. तिथे चेंडू लांबट असतो, तो हाताने फेकला आणि हाताने झेलला जातो, आणि प्रतिपक्षाच्या अंत्यरेषेपलीकडे तो नेला की टचडाउन होते. क्वार्टरबॅक हा आक्रमणाचा सूत्रधार. त्याचे झेलपटू ठरलेल्या मार्गांनी पळत सुटतात आणि ज्याच्याभोवती मोकळी जागा सापडेल त्याच्याकडे तो चेंडू फेकतो. या झेलपटूंची पाठ धरणारा, मैदानाच्या कडेला एकटा उभा असलेला रक्षक म्हणजे कॉर्नरबॅक. कबड्डीतील कोपरारक्षक ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या नावातील कोपरा लगेच उमगेल. परंतु कबड्डीतील कोपरारक्षकाच्या शेजारी साखळीतील सोबती असतो, कॉर्नरबॅकला पुष्कळदा कोणीच नसते. समोरचा गडी कुठे वळणार हे त्या गड्याला ठाऊक, याला ठाऊक नाही. तो पुढे तोंड करून धावतो, हा मागे सरत सरत धावतो. एक पाऊल चुकले तर मागे अडवायला दुसरा माणूस नाही आणि ती चूक लाखभर प्रेक्षकांच्या देखत फलकावर लागते.

आता या कामातील खरी गोम अशी की, ते जितके चांगले होईल तितके दिसेनासे होते. कॉर्नरबॅकने आपला गडी इतका घट्ट धरून ठेवला की क्वार्टरबॅकला तिकडे चेंडू फेकण्याची छातीच होऊ नये, तर त्या डावात त्याच्या नावावर काय लिहिले जाते? काहीच नाही. फेकलेला चेंडू मोजला जातो. झेललेला, निसटलेला, मध्येच हिरावून घेतलेला, सारा मोजला जातो. न फेकलेला चेंडू कोणत्याही वहीत चढत नाही. मैदानाचा एक तृतीयांश भाग एका माणसाने प्रतिपक्षाला वर्ज्य करून टाकावा आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रातील आकड्यांच्या तक्त्यात त्याचे नावही असू नये, असा हा व्यवहार आहे.

वुडसन हा ओहायो राज्यातील फ्रीमाँट या लहान गावचा. जन्म १९७६ चा. जन्मतःच त्याचे पाय आत वळलेले होते आणि लहानपणी काही वर्षे त्याला पाय सरळ करणारी खास पादत्राणे घालावी लागली. पुढे ज्याच्या पावलांची चपळाई देशभर वाखाणली गेली त्याच्या आयुष्याचा आरंभ असा झाला, ही गोष्ट नुसती नोंदवून ठेवतो. तिच्यावर भाष्य करण्याची गरज नाही. शाळेत तो चेंडू घेऊन धावणारा गडी होता आणि १९९४ साली ओहायोतील सर्वोत्कृष्ट शालेय फुटबॉलपटू म्हणून त्याची निवड झाली होती. ओहायोचा असा मुलगा ओहायो स्टेट विद्यापीठात जाणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलेले. तो गेला शेजारच्या मिशिगनकडे, म्हणजे ओहायो स्टेटच्या हाडवैऱ्याकडे. तेथे गेल्यावर धावणे सोडून तो रक्षक झाला. पहिल्याच वर्षी, १९९५ साली, तोवर अपराजित असलेल्या ओहायो स्टेटला मिशिगनने ३१–२३ असे हरवले, त्या सामन्यात या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराने प्रतिपक्षाचे दोन चेंडू मध्येच हिरावून घेतले. त्या वर्षी असे एकूण पाच, पुढल्या वर्षी पाच. हा आरंभच असा होता की, १९९७ च्या हंगामात त्याच्या बाजूला चेंडू फेकताना प्रत्येक क्वार्टरबॅक दोनदा विचार करणार हे उघड होते.

आणि तरीही त्या हंगामात त्याने आठ चेंडू हिरावले. मिशिगनने त्या वर्षी बाराच्या बारा सामने जिंकले. परंतु त्याहून बोलका आकडा दुसरा आहे: या बारा सामन्यांत मिळून प्रतिपक्षांना मिळालेले गुण अवघे ११४, म्हणजे सामन्यामागे साडेनऊ. इंडियानाला एकही गुण मिळाला नाही. कोलोरॅडो, बेलर आणि मिनेसोटा प्रत्येकी तिनावर अडले. तोवर अपराजित असलेल्या पेन स्टेटला त्यांच्याच मैदानावर ३४–८ अशी हार खावी लागली. प्रशिक्षक लॉइड कार यांच्या या संघाचा क्वार्टरबॅक ब्रायन ग्रीसी हा जबाबदार, हिशेबी खेळाडू. डोळे दिपवणारा नव्हे. संघ जिंकत होता तो बचावावर, आणि बचाव उभा होता तो या एका माणसाने आपला कोपरा निर्धोक केला होता म्हणून. एका बाजूची चिंता मिटल्यावर उरलेल्या दहांना प्रतिपक्षावर तुटून पडायला मोकळीक मिळते. हे साधे गणित आहे, पण श्रेय वाटताना ते कोणी मांडत नाही.

वुडसनचे जे झेल लोकांच्या स्मरणात राहिले त्यांत २५ ऑक्टोबरच्या मिशिगन स्टेटविरुद्धच्या सामन्यातील झेल अग्रभागी आहे. प्रतिपक्षाच्या क्वार्टरबॅकने दडपणाखाली चेंडू मैदानाबाहेर भिरकावून दिला. तो कोणासाठी नव्हताच. वाया घालवण्यासाठीच होता. वुडसनने कडेच्या रेषेवर उंच उडी घेऊन तो एका हाताने हवेतच थोपवला आणि खाली येताना एक पाय रेषेच्या आत टेकवला. ज्यांनी ते चित्रण पाहिले आहे त्यांना पुन्हा पाहिल्याशिवाय राहवत नाही, आणि आम्हीही त्याला अपवाद नाही. परंतु हा झेल पुन्हा पुन्हा दाखवला जातो तेव्हा एक गोष्ट विसरली जाते. तो क्वार्टरबॅक चेंडू बाहेर भिरकावण्याच्या पाळीवर का आला? त्याचे झेलपटू मोकळे नव्हते म्हणून. उडी चित्रात आली, ती आणणारी दाबणूक चित्राबाहेर राहिली.

मग उजाडला २२ नोव्हेंबर. अ‍ॅन आर्बरच्या त्या प्रचंड मैदानावर लाखाहून अधिक माणसे, समोर ओहायो स्टेट, आणि मिशिगन अपराजित. त्या दिवशी वुडसनने तीन गोष्टी केल्या. आक्रमणात उतरून त्याने एक लांब झेल घेतला आणि त्यातून संघाचे पहिले टचडाउन झाले. प्रतिपक्षाने लाथाडून दिलेला चेंडू घेऊन तो ७८ यार्ड धावत सुटला आणि थेट अंत्यरेषेपलीकडे पोचला. तिसरी गोष्ट अशी की, ओहायो स्टेटचा हल्ला टचडाउनच्या उंबरठ्यावर आला असताना त्याने त्यांचा चेंडू अंत्यरेषेपलीकडच्या पट्ट्यातच हिरावून घेतला. मिशिगनने सामना २०–१४ असा जिंकला. प्रामाणिकपणासाठी हेही सांगितले पाहिजे की, डेव्हिड बोस्टन या ओहायो स्टेटच्या झेलपटूने त्याच सामन्यात एकदा वुडसनला मागे टाकून टचडाउन केले. रक्षकाची ही एकच चूक त्याच्या नावानिशी लक्षात राहते. त्याच दुपारी त्याने किती वेळा बोस्टनला चेंडूच्या आसपास फिरकू दिले नाही, याची यादी कोणाजवळ नाही.

तीन आठवड्यांनी हाइसमनचा निकाल लागला. वुडसनला १,८१५ गुण आणि पहिल्या पसंतीची ४३३ मते. टेनेसी विद्यापीठाचा पेटन मॅनिंग १,५४३ गुण आणि २८१ मते घेऊन दुसरा. मॅनिंग हा त्या वर्षीचा सर्वांचा लाडका. विख्यात क्वार्टरबॅकचा मुलगा, शिकण्यात हुशार, धंदेवाईक फुटबॉलचे लक्षावधी डॉलर एक वर्ष लांबणीवर टाकून महाविद्यालयात थांबलेला, आणि त्या हंगामात ३,८१९ यार्ड व ३६ टचडाउन एवढा चेंडू फेकलेला. टेनेसीत जो संताप उसळला तो आजही पुरता निवलेला नाही. इतके आकडे डावलून हा मान कोणाला, तर ज्याच्या नावावर आठ हिरावलेले चेंडू आहेत त्याला, असा त्यांचा सवाल. सवाल अगदीच निरर्थक नव्हता. फक्त तो चुकीच्या माणसाला विचारला जात होता. आकडे ज्या वहीत लिहिले जातात, त्या वहीचे रकानेच मॅनिंगच्या धंद्यासाठी आखलेले होते.

पण मतदारांनी तरी वुडसनला कशासाठी निवडले? याचे उत्तर ओहायो स्टेटच्या सामन्यात आहे. तो ७८ यार्डांचा धावा आणि तो लांब झेल नसता तर बहुतेकांनी मॅनिंगपुढेच खूण केली असती, असे आम्हांस वाटते. वास्तविक हंगामभरात वुडसनने आक्रमणात घेतलेले झेल जेमतेम अकरा-बारा. एखाद्या प्रमुख झेलपटूचे एवढे झेल थोड्याच सामन्यांत होतात. तरीही त्याच्या बाजूने जे बोलले गेले त्यात हे अकरा-बारा झेल आणि तो एक धावा यांनाच अग्रस्थान. म्हणजे रक्षकाने मान मिळवायचा तर त्याने अधूनमधून रक्षण सोडून आक्रमण करून दाखवले पाहिजे! उत्तम सारंगीवाल्याला पारितोषिक द्यावे, पण त्याने मैफलीच्या शेवटी एक तराणा म्हणून दाखवला म्हणून द्यावे, तसाच हा प्रकार झाला.

हे अमेरिकेचेच वैगुण्य आहे असे समजून आपण हसू नये. १९६४ च्या जानेवारीत मद्रास कसोटीत आपल्या बापू नाडकर्णींनी इंग्लंडविरुद्ध सलग एकवीस षटके निर्धाव टाकली. त्या डावातील त्यांची नोंद ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा, बळी शून्य. ही नोंद आपण गंमत म्हणून सांगतो, प्रश्नमंजूषेत विचारतो. पण त्या डावातील मोठी कामगिरी म्हणून तिचा उल्लेख करताना आपलीही जीभ अडखळते, ती शेवटच्या शून्यापाशी. रोखणे म्हणजे काही करणेच नव्हे, हा समज आपल्याकडेही तितकाच मुरलेला आहे. फरक एवढाच की, नाडकर्णींच्या निर्धाव षटकांसाठी आपल्या वहीत निदान एक रकाना होता. कॉर्नरबॅकला तोही नाही.

या समजाचा फटका कोणाकोणाला बसला ते पाहावे. १९८० साली पिट्सबर्ग विद्यापीठाचा ह्यू ग्रीन हा रक्षक हाइसमनमध्ये दुसरा आला. पहिला आला तो चेंडू घेऊन धावणारा. २०१२ साली नोटर डेमचा मँटाय टेओ दुसरा, पहिला क्वार्टरबॅक. २०२१ साली मिशिगनचाच एडन हचिन्सन दुसरा, पहिला पुन्हा क्वार्टरबॅक. या तिघांनी पंट घेऊन धावा काढल्या नाहीत, लांब झेल घेऊन टाळ्या मिळवल्या नाहीत. ते केवळ रोखत राहिले, आणि केवळ रोखणाऱ्यासाठी दुसऱ्या जागेच्या पलीकडे पायरी नाही.

यावर असे सांगण्यात येते की, रक्षकांसाठी वेगळी पारितोषिके आहेतच. आहेत खरी. नागुर्स्की, बेडनारिक आणि पाठीमागच्या फळीसाठी थॉर्प. १९९७ साली ही तिन्ही वुडसनलाच मिळाली. परंतु वेगळी पंगत मांडली की मुख्य पंक्तीत बसवण्याची जबाबदारी संपते, हा युक्तिवाद आम्हांला मान्य नाही. शिवाय २०२४ साली जे घडले ते या संदर्भात फार उद्बोधक आहे. ट्रॅव्हिस हंटर त्या वर्षी कॉर्नरबॅक म्हणूनही खेळत होता आणि झेलपटू म्हणूनही, आणि दोन्हीकडे पूर्णवेळ. हंगामात तेराशेंहून अधिक वेळा तो चालू चेंडूच्या वेळी मैदानावर होता. इतके श्रम आजच्या काळात कोणी करत नाही, आणि त्याच्या सन्मानाबद्दल आमची यत्किंचित तक्रार नाही. पण त्याच वर्षी पाठीमागच्या फळीतील सर्वोत्तम खेळाडूला दिला जाणारा थॉर्प पुरस्कार हंटरला मिळाला नाही. तो टेक्सासच्या जाहडे बॅरनला मिळाला. एका कॉर्नरबॅकला हाइसमन मिळाला असे ज्या वर्षाबद्दल सांगितले जाते, त्या वर्षीचा थॉर्पचा मानकरी दुसराच कोणी होता! हंटरने त्या हंगामात नव्वदांहून अधिक झेल घेतले आणि त्या झेलांनी त्याला करंडकापर्यंत नेले, हे उघड आहे. त्याचे प्रशिक्षक डीऑन सँडर्स हे स्वतः एके काळचे असामान्य कॉर्नरबॅक, १९८८ सालचे थॉर्पचे मानकरी. हाइसमन मात्र त्यांना मिळाला नव्हता.

वुडसनच्या निवडीवर काळाने कसे शिक्कामोर्तब केले, ते थोडक्यात सांगता येण्याजोगे आहे. १ जानेवारी १९९८ रोजी रोझ बोलच्या सामन्यात वॉशिंग्टन स्टेटचा रायन लीफ मिशिगनवर ७–० अशी आघाडी घेऊन दुसरे टचडाउन करण्याच्या बेतात होता; वुडसनने अंत्यरेषेपलीकडे त्याचा चेंडू हिरावला आणि सामना फिरला. २१–१६ या विजयाने मिशिगनला १९४८ नंतर प्रथमच राष्ट्रीय अजिंक्यपद लाभले. ते नेब्रास्काबरोबर वाटून घ्यावे लागले, कारण पत्रकारांनी मिशिगनला आणि प्रशिक्षकांनी नेब्रास्काला पसंती दिली. याच नेब्रास्काने दुसऱ्याच दिवशी मॅनिंगच्या टेनेसीचा ४२–१७ असा धुव्वा उडवला होता. वुडसन त्यानंतर अठरा वर्षे धंदेवाईक फुटबॉल खेळला, ६५ चेंडू हिरावले, २००९ साली सर्वोत्कृष्ट रक्षक ठरला, ग्रीन बेच्या संघातून सुपर बोलचा विजेता झाला. त्याच २००९ साली त्याने मिशिगन विद्यापीठाच्या बालरुग्णालयाला वीस लक्ष डॉलरची देणगी दिली. कँटन येथील कीर्तिमंदिरात त्याला स्थान मिळाले ते २०२१ साली, पहिल्याच फेरीत, आणि त्याच दिवसांत त्याच्या सोबतीला होता पेटन मॅनिंग. चोवीस वर्षांपूर्वीचा तंटा अशा रीतीने दोघांच्याही मोठेपणावर मिटला.

एक प्रसंग मात्र आम्हांला येथे गाळवत नाही. जानेवारी २००२ मध्ये, बर्फ पडत असताना, ओकलंडकडून खेळणाऱ्या वुडसनने न्यू इंग्लंडच्या क्वार्टरबॅकला धडक देऊन त्याच्या हातून चेंडू सोडवला. तो क्वार्टरबॅक म्हणजे मिशिगनमधील त्याचाच जुना सोबती टॉम ब्रेडी. चेंडू ओकलंडच्या ताब्यात आला, सामना संपल्यात जमा झाला. आणि पंचांनी एका आडवळणी नियमाचा आधार घेऊन निर्णय दिला की, चेंडू सुटलाच नाही, ती अपुरी फेक होती. न्यू इंग्लंड सामना जिंकले आणि पुढे अजिंक्यपदही. तो नियम २०१३ साली रद्द करण्यात आला. रक्षकाचे जे काम एरवी कोणी लिहून घेत नाही, ते या वेळी लिहून घेतले गेले आणि मागाहून खोडले गेले.

तेव्हा करायचे काय? आमच्या मते उपाय अवघड नाही. हाइसमनचे मतदार नऊशेच्या घरात आहेत. त्यांतले बहुसंख्य पत्रकार, उरलेल्यांत माजी मानकरी. प्रत्येकाच्या मतपत्रिकेवर तीन नावे लिहायची असतात आणि त्यांना अनुक्रमे तीन, दोन, एक असे गुण मिळतात. या तिनांपैकी निदान एक नाव रोखणाऱ्याचे असावे, असा दंडक विश्वस्तांनी घालून द्यावा. यामुळे रक्षक जिंकेलच असे नाही आणि जिंकावाच असा आमचा आग्रहही नाही. पण तिसरे नाव लिहिण्यासाठी तरी या नऊशे जणांना हंगामभर मैदानाच्या त्या बाजूकडे पाहावे लागेल, जिकडे चेंडू जात नाही. सक्तीने गुणग्राहकता येत नाही, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो घेणाऱ्यांनी एवढे सांगावे की, १९३५ पासून सक्तीवाचून जी आली, ती नऊ दशकांत किती जणांच्या वाट्याला आली. आमच्या मोजणीत एकच नाव भरते, आणि त्या एकालाही त्यासाठी ७८ यार्ड धावून दाखवावे लागले.